मामांना सिनेमातलं रडणं पटत नाही

माझ्या बायकोच्या मामांइतका सिनेमाचा छळ करणारा प्रेक्षक अख्ख्या सुरतेत दुसरा नसेल. लिंबायतला राहणारे, उधन्याच्या मिलमध्ये छत्तीस वर्षं कापड तपासून निवृत्त झालेले हे गृहस्थ दर रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येतात आणि जेवण झाल्यावर टीव्हीपुढे बसून एका धडधाकट सिनेमाचं वाटोळं करतात. कापड तपासायचं म्हणजे मागावरून उतरलेला तागा उजेडावर धरायचा, हात फिरवायचा आणि जिथे दोरा तुटलाय तिथे खडूने खूण करायची. "सरळ बाजू गिऱ्हाइकासाठी, जावईबापू. आपण उलटी बाजू बघायची," असं ते मला पहिल्या भेटीतच म्हणाले आणि माझ्या शर्टाची कड उलटून बघू लागले. आमच्या लग्नात नवरीचे मामा म्हणून ते हिच्यामागे उभे होते. मंगलाष्टकं चालू असताना त्यांना अंतरपाटात एक तुटका दोरा दिसला आणि अक्षता पडून गेल्या तरी ते गुरुजींना तो दोराच दाखवत होते.

सगळ्या सिनेमांत त्यांचा खास राग कोवळ्या पोरांच्या दुःखाच्या सिनेमांवर. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा जिवाला कंटाळलाय असं दाखवायचं झालं की दिग्दर्शक त्याला पावसात उभं करतो, केस विस्कटतो, खोलीत अंधार करतो. मामा इथे पेटतात. "खऱ्या दुःखामागे वाजंत्री नसते. खरं पोर जेवतं, हसतं, चार्जर कुठेय विचारतं." एकदा आम्ही त्यांना थिएटरात नेलं. पडद्यावरचा मुलगा गच्चीवर एकटा रडत बसला होता आणि गाणं काही संपत नव्हतं. मामा उभे राहून मोठ्याने म्हणाले, "दोन तास झाले, याला कुणी जेवलास का म्हणून विचारलं नाही." बॅटरी घेऊन माणूस धावत आला, "काका, बेसी जाव ने." मामा अस्सल सुरती गुजरातीत म्हणाले, "भाई, पहेलां पेला छोकरानी पासे कोईने बेसाडो." म्हणजे, आधी त्या पोराजवळ कुणाला तरी बसवा. आसपासचे लोक हसले. मी शरमेने पॉपकॉर्नच्या डब्यात तोंड घातलं. एवढ्या वर्षांत एकच सिनेमा त्यांनी गप्प बसून पाहिला. त्यातला मुलगा आईला भाजी निवडू लागतो, आई लाइट बिलाबद्दल बोलत राहते, बस्स. तो संपल्यावर मामा एवढंच म्हणाले, "हा सिनेमा करणाऱ्याच्या घरात काहीतरी झालेलं आहे." मला तो सिनेमा फार कंटाळवाणा वाटला होता.

दोन वर्षांपूर्वीचा एक रविवार मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. आमची लेक तेव्हा बारावीला होती, मेडिकलच्या क्लासला जायची. दिवाळीपर्यंत घरात रोज कटकट, दारं आपटणं, ताटावरून रुसणं. मग ती एकाएकी सुधारली. खोली आवरली. आईला उलट उत्तर देणं थांबलं. पुढ्यात येईल ते मुकाट्याने खाऊ लागली. जिवापाड जपलेली रंगपेटी तिने शेजारच्या छोटीला देऊन टाकली. आम्ही नवरा-बायको खूश. त्या दिवशी टीव्हीवर एक मुलगी बंद दारामागे हंबरडा फोडत होती, तेव्हा मी अगदी जाणकाराच्या थाटात मामांना म्हणालो, "बघा, डिप्रेशन म्हणजे हे असं असतं. देवाच्या दयेने आमची किती शहाणी झालीय," आणि रंगपेटीची गोष्ट कौतुकाने सांगितली.

मामांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाने जायच्या आठवड्यात सायकल मित्राला देऊन टाकली होती. सतरा वर्षांचा होता. आम्ही म्हटलं, पोराचं मन मोठं झालं."

त्यांना भाऊ होता हेच मला ठाऊक नव्हतं. बायकोला फक्त एवढं माहीत होतं की एक मामा लहानपणी आजाराने गेले.

मामा उठून लेकीच्या खोलीत गेले, पलंगाच्या कडेला बसले. एरवी ते आमच्याशी सरळ मराठीत बोलतात. आतून हलले की अहिराणीवर येतात. "माय, तुले मरी जावानं वाटस का?" त्यांनी जेवलीस का विचारावं तसं विचारलं. दारात उभा असलेला मी त्यांना अडवायला पुढे झालो. असं विचारून नसलेलं काही पोरीच्या डोक्यात भरवायचं का, असं मला वाटलं. लेक त्यांच्याकडे बघून हसली, आणि ते हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून म्हणाली, "हो मामाआजोबा. खूप दिवस झाले."

डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाज चढला नव्हता. सिनेमात पाहिलं असतं तर मी म्हटलं असतं, या मुलीला अभिनय येत नाही.

मामांनी तिचा हात धरला तो सोडला नाही. तिला एकटं ठेवायचं नाही हे त्यांनी आम्हाला तिच्यासमोरच सांगितलं, आणि सकाळी रिक्षात आमच्याबरोबर डॉक्टरांकडे आले. असं सरळ विचारल्याने काही बिघडत नाही, उलट पोराला बोलायला वाट मिळते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मामा खाली मान घालून ऐकत होते. पुढचं वर्ष औषधांचं, बोलण्याचं, दोन पावलं पुढे आणि एक मागे असं गेलं. मेडिकल सुटलं, त्याचं काही वाटत नाही. आता ती कॉलेजात आहे, आईशी भांडते, आणि ती भांडू लागली की मी पेपर खाली ठेवून ऐकत बसतो.

मामांचे आभार कसे मानायचे, हे मला अजून कळलेलं नाही. एकदा प्रयत्न केला तर त्यांनी माझी बाही उलटून शिलाई बघितली. आभार मानायचं काम लेकीने केलं. गेल्या महिन्यात जेवताना तिने विचारलं, "मामाआजोबा, तुमच्या भावाचं नाव काय होतं?" मामांचा घास हातातच राहिला. पन्नास वर्षांत ते नाव त्यांच्या घरात कुणी घेतलं नव्हतं. त्यांनी ते सांगितलं, आधी पुटपुटत, मग नीट. लेकीने ते एकदा म्हणून बघितलं आणि विचारलं, "कसे होते ते?" मामा सांगू लागले, आणि संध्याकाळ होईपर्यंत सांगत राहिले.