नववी खिडकी

बाईंना एका मुलीला भेटायला जायचं होतं. मुलगी म्हणजे लहान नव्हे, चांगली चाळिशीची, कपडे अल्टर करून देण्याचं दुकान चालवणारी. तिचे वडील गेले ते आपल्या हातून झालेल्या चुकीमुळे, एवढं एकच वाक्य बाईंना तिला सांगायचं होतं. दुकानाचा पत्ता पर्समध्ये होता, बस थेट दारापर्यंत जात होती, आणि तरी पाच महिने झाले, बाई काही गेल्या नव्हत्या. कारणं म्हणाल तर पन्नास. कारणांना काय तोटा!

आता बाई कोण, ते सांगायला हवं. शहराच्या आरोग्य खात्यात कॉम्प्युटर विभागात सव्वीस वर्षं नोकरी. तिसऱ्या मजल्यावर जिन्यालगतचं टेबल, दोन स्क्रीन, त्यांतला एक पुठ्ठ्याची घडी लावून सरळ उभा केलेला. ऑफिसात त्यांना मागून सगळे ‘आवराआवर’ म्हणायचे, आणि ते त्यांना ठाऊक होतं. एक वस्तू दोन ठिकाणी दिसली की बाईंच्या हाताला कंड सुटायची. घरीसुद्धा तेच. तीन कात्र्या होत्या, एक ठेवली. चार छत्र्या होत्या, दोन ठेवल्या. नवरा शाळेत ड्रॉइंगचा मास्तर, थट्टेखोर माणूस. तो म्हणायचा, “चपलासुद्धा दोन आहेत माझ्या, एक टाकून देऊ का?” बाई हसायच्या आणि कपाट उघडायच्या.

पण त्यांच्या कामाला त्या हसत नव्हत्या, कारण ते काम हसण्यासारखं नव्हतं. खात्यात वीस वर्षांत ज्याला जसं सुचलं तसे प्रोग्राम लिहिले गेले होते. हे प्रोग्राम एकमेकांकडून माहिती घेतात ती सर्व्हिसमधून. सर्व्हिस म्हणजे फार मोठी भानगड नाही, ऑफिसातली खिडकी समजा. प्रोग्रामने खिडकीशी जाऊन विचारायचं, ‘या वॉर्डात एकटी राहणारी म्हातारी माणसं कोणकोण?’ आणि खिडकीने यादी काढून द्यायची. अशी एक खिडकी पुरे झाली. खात्यात होत्या नऊ. डोळे तपासणीवाल्यांची एक, औषधवाल्यांची एक, घरोघर जाणाऱ्या नर्सची एक, आणि पुढे कुणाच्या कुठल्या ते कुणालाच सांगता येत नव्हतं. सात सुगरणी, भाजी अळणी म्हणतात, इथे तर नऊ. एक खिडकी म्हणे आजी तळमजल्यावर राहतात, दुसरी म्हणे त्या गाव सोडून गेल्या.

एक गृहस्थ होते. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती, आणि तिच्या नावाने डोळे तपासणीचं पत्र दर सहा महिन्यांनी येत होतं. ते गृहस्थ प्रत्येक पत्र घेऊन खात्यात यायचे आणि काउंटरवर हळूच म्हणायचे, “ती नाही हो आता.” काउंटरवरचा माणूस नाव खोडायचा ते एका खिडकीत, पत्र निघायचं दुसरीतून. आठव्या खेपेला बाई तिथे उभ्या होत्या. त्या वर गेल्या, साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “नऊ खिडक्यांची एक करायची. मी करते.”

दोन वर्षं लागली. बाईंनी डोळ्यांत तेल घालून काम केलं, हे कुणीही मान्य करील. प्रत्येक विभागात जाऊन बसल्या, कोण कुठल्या खिडकीत विचारतं ते लिहून काढलं, एकेकाला नव्या खिडकीकडे वळवलं. आठ झाल्या. राहिली नववी.

नववीत रोज सकाळी सहाला कुणीतरी यायचं, यादी न्यायचं आणि जायचं. विचारणाऱ्याचं नाव लिहिलं होतं ‘चाचणी’. ज्याने ते लिहिलं तो नोकरी सोडून कधीच गेला होता. बाईंनी सगळ्या विभागांना पत्रं पाठवली, फोन केले. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. आमचं नाही, आमचं नाही. मग बाईंना वाटलं, कुणीतरी कधीकाळी करून बघितलेला प्रयोग असेल, बंद करायचा राहून गेला असेल.

या धंद्यात एक रीत आहे. खिडकी कुणाची ते कळत नसेल तर ती बंद करा आणि बघा कोण ओरडतं. जो ओरडेल त्याची. महिनाभर कुणी ओरडलं नाही तर काढून टाका. रीत जुनी आहे, सगळे वापरतात, आणि बहुतेक वेळा तिने काही बिघडत नाही. पण बाईंचा जीव मऊ. एकदम बंद केली आणि कुणाचा जुना स्क्रीन एरर दाखवत लाल होऊन बसला तर? सकाळी सकाळी बिचाऱ्याची धांदल उडायची. म्हणून त्यांनी प्रोग्राममध्ये तीन ओळी लिहिल्या. खिडकी विचारणाऱ्याला परत पाठवणार नाही, नीट उत्तर देईल. उत्तर असं: नावं, शून्य.

खिडकीने म्हणायला हवं होतं की मी बंद आहे, मला विचारू नका. ती म्हणत राहिली की एकटं राहणारं कुणी नाहीच. या दोहोंतला फरक बाईंनी नव्या माणसांना स्वतः शिकवला होता, फळ्यावर लिहून. आणि त्या दिवशी त्यांच्याच हातून तो निसटला.

तीस दिवस गेले. कुणी ओरडलं नाही. साहेब म्हणाले, “सुंठीवाचून खोकला गेला,” आणि सगळ्यांना चहा पाजला. खिडकी कायमची काढून टाकायची तेवढी राहिली होती.

आता ‘चाचणी’ म्हणजे कोण होतं, तर नदीपलीकडच्या वॉर्डातल्या सिस्टरचा जुना फोन. बाकी सगळ्या नर्सना नवे फोन मिळाले होते, हिचा यायचा होता. रोज सकाळी फोन यादी दाखवायचा आणि सिस्टर बॅग घेऊन निघायची. एका सोमवारी फोनवर आलं, ‘आज भेटी नाहीत.’ मंगळवारीही तेच. तिने वरिष्ठांना विचारलं. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तिथे नव्या खिडकीतून एक्केचाळीस नावं दिसत होती. ते म्हणाले, “यादी बरोबर आहे.” सिस्टरला वाटलं, यादी बरोबर आहे म्हणजे आपली माणसं दुसऱ्या कुणाला दिली. तिचं काम कमी करायचं दोन वर्षं घाटत होतंच. ती मुकाट्याने दवाखान्यात केसपेपर लिहायला बसली. कुणाच्या तोंडात मारावी सांगा! कुणीच खोटं बोललं नव्हतं.

त्या एक्केचाळीस जणांत चष्मे दुरुस्त करणारे एक निवृत्त काका होते. हृदयाची औषधं, पाच प्रकारच्या गोळ्या. दर मंगळवारी सिस्टर यायची, आठवड्याच्या डबीत सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या भरून जायची. पाच मंगळवार ती आली नाही. सहाव्या आठवड्यात शेजाऱ्यांना काका स्वयंपाकघरात पडलेले सापडले. हॉस्पिटलात दोन दिवस काढले आणि गेले. डॉक्टरांनी विचारलं, ही डबी कुणी भरली? सकाळच्या खणात रात्रीच्या गोळ्या होत्या, आणि त्याही दुप्पट.

तो प्रश्न फिरत फिरत दोन-तीन दिवसांत खात्यात आला. सिस्टरला बोलावलं. तिने रडत रडत फोन टेबलावर ठेवला. बाईंनी तो उचलला आणि वाचलं, ‘आज भेटी नाहीत.’ तशाच वर जाऊन त्यांनी सगळ्यात आधी नववी खिडकी पुन्हा चालू केली. चाळीस नावं परत आली. सिस्टर त्याच दिवशी चाळीस घरं फिरली. बाकीचे बरे होते, नशीब म्हणायचं.

चौकशी समितीला बाईंनी सगळं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. काही लपवलं नाही. अकरा पानांचा अहवाल आला, त्यात लिहिलं होतं की दोष कुणा एकाचा नसून कार्यपद्धतीचा आहे. काकांच्या घरच्यांना खात्याने दोन ओळींचं पत्र पाठवलं. दुःख झालं, असं त्यात होतं. यादीचा शब्दसुद्धा नव्हता. साहेब बाईंना म्हणाले, “तुम्ही तिकडे जायचं नाही. वकिलांनी सांगितलंय.” साहेब वाईट नव्हते हो, घाबरले होते.

सिस्टरचा फोन पाहिला त्या रात्री बाई घरी आल्या, जेवल्या नाहीत. नवऱ्याची थट्टा त्या दिवसापासून बंद झाली. तो एवढंच म्हणायचा, “जाऊन ये. मी येतो बरोबर.” बाई म्हणायच्या, “पुढच्या आठवड्यात.” असे वीस आठवडे गेले. एकदा तर त्या बसमध्ये चढून दुकानाच्या आधीच्या स्टॉपवर उतरल्या आणि चालत परत आल्या. शिव्या खायची भीती नव्हती. शिव्या मिळाल्या तर बरंच, असं त्यांना वाटायचं. पण तोंड उघडायचं कसं, तेच सुचत नव्हतं.

शेवटी एका गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या एकट्याच गेल्या. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, हँगरवर चिठ्ठ्या टोचलेल्या पँटी. मुलगी झिप उसवत होती. मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेली. वर न बघता म्हणाली, “शनिवारी मिळेल, आज काही होणार नाही.”

“मी कपडे द्यायला नाही आले,” बाई म्हणाल्या. “मी आरोग्य खात्यातली. तुमच्या वडिलांबद्दल बोलायचं होतं.”

मुलीने स्टूल पुढे सरकवलं. बाई बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. नऊ खिडक्या, तीन ओळी, सिस्टरचा रिकामा फोन. घरून पाठ करून आलेली वाक्यं मध्येच विसरली, मग जसं जमेल तसं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “सिस्टरची चूक नाही. चूक माझी. मी लिहिलं ते.”

मुलीने हातातली झिप मशीनवर ठेवली.

“म्हणजे यादीत नाव आलं असतं, तर सिस्टर आली असती?”

“हो. दर मंगळवारी.”

“आणि डबी तिनेच भरली असती?”

“हो.”

“बाबांचा फोन यायचा मला,” मुलगी म्हणाली. “अगं, सिस्टर हल्ली येत नाही. मी म्हटलं, येईल हो, तुम्ही झोपला असाल, बेल ऐकू गेली नसेल. पुढच्या आठवड्यात परत तेच. माझ्याकडे लग्नाचे कपडे होते, ढीगभर. मी म्हटलं, तुम्हीच भरा ना बाबा डबी, मी सांगते फोनवर. निळी सकाळी, पांढरी रात्री. तसंच सांगितलं होतं मी. की उलटं सांगितलं? मी दोन दोन म्हटलं की एक एक? आठवतच नाही मला. रोज आठवून बघते. मशीनवर बसले की तेच, झोपायला गेले की तेच. नवऱ्याला सांगितलं नाही, भावाला सांगितलं नाही. बाबांना मीच मारलं, असं धरून चालले होते मी.”

बाई स्टुलावर बसल्या. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं, ते त्या पाच महिने ठरवत होत्या. मागे राहिलेल्या माणसाचं काय चाललं असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “डबी भरणं तुमचं कामच नव्हतं. ते तुमच्यावर आलं ते माझ्यामुळे.”

मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलंही नाही. आधी बाईंना वाटलं, हिचं ओझं उतरतंय. मग मुलीने विचारलं, “तुम्हाला हे कधी कळलं?”

“बाबा गेले त्याच आठवड्यात.”

“म्हणजे पाच महिने झाले.”

“हो.”

“चुकीबद्दल मी काही बोलत नाही,” मुलगी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “चूक होते माणसाच्या हातून. मी कात्री घेऊन बसते दिवसभर, मला कळतं ते. पण पाच महिने तुम्हाला माहीत होतं, आणि मला नव्हतं. बस इथेच थांबते ना हो? मग कशाला थांबलात तुम्ही?”

बाईंकडे पन्नास कारणं होती, त्यांतलं एकही त्यांना त्या खोलीत उच्चारता आलं नाही.