प्यादेमातीचा हट्ट

१९५४ सालच्या मार्चमध्ये, एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत, वर्ध्याच्या आमच्या कचेरीत मी हातात आलेला बुद्धिबळाचा डाव घालवला. समोर बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क होते. पैज शनिवारच्या रजेची होती. बायको महिनाभर आष्टीला माहेरी होती आणि शनिवारी न्यायला येतो, असं मी तिला कळवलं होतं.

वजिराने एका खेळीत मात होत होती. पण प्याद्याने केलेली मात जास्त मानाची समजत, आणि बघायला चार कारकून उभे होते. म्हणून मात पुढच्या खेळीवर ठेवून मी प्यादं पुढे सरकवलं.

बडेबाबूंनी लगेच आपला घोडा माझ्या वजिरापुढे आणून ठेवला. मी तो घेतला. मग त्यांनी राजाखेरीज उरलेला एकुलता हत्तीही तसाच पुढे ठेवला.

"घे न बाबू, लाजतो काऊन?"

"बडेबाबू, खेळून राह्यले का दानधर्म करून राह्यले?" असं म्हणत मी हत्तीही उचलला.

"झाली बुर्जी," ते म्हणाले.

समोरच्याचा राजा एकटा उरला की आमच्याकडे बुर्जी होते, म्हणजे डाव बरोबरीत सुटतो. हा नियम मला लहानपणापासून माहीत होता.

"मंग माही रजा?" मी विचारलं.

"अर्धा डाव, अर्धी रजा. उद्या बारा वाजता जाजो."

आष्टीची दिवसातली एकच मोटार सकाळी अकराला सुटत असे. मी रविवारी पोहोचलो. बायकोने उशिराचं कारण विचारलं, तेव्हा मोटार चुकली, एवढंच सांगितलं.