आधणातली हॅट

कोनाड्यात उताणी ठेवलेली तपकिरी हॅट आणि तिच्या पोकळीत कडुनिंबाची सुकलेली पानं… लहानपण म्हटलं की सगळ्यांत आधी हेच डोळ्यांपुढे येतं. मागोमाग येतो तो तिचा वास. फिनेलचा, खोबरेल तेलाचा, घामाने काळ्या पडलेल्या आतल्या कातडी पट्ट्याचा आणि दिवसभर गोठ्यांतून हिंडून आलेल्या माणसाच्या अंगाला येतो तो शेणावैरणीचा उबदार वास. बाबा घरात आहेत की फिरतीवर, हे मला त्या वासावरून डोळे मिटूनही सांगता यायचं.

बाबा मिरजगावच्या गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. हुद्द्याने ते डॉक्टर नव्हते, डॉक्टरांचे मदतनीस होते. पण खरे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि अडलेली गाय काही त्यांच्या वाराची वाट बघत नसे, म्हणून पंचक्रोशीने बाबांनाच डॉक्टर करून टाकलं होतं. सायकलच्या दांडीला औषधांची पेटी बांधून ते भर उन्हात वाड्यावस्त्यांवर जायचे. आमच्याकडे तेव्हा पुरुषाच्या डोक्यावर पांढरी टोपी, नाहीतर फेटा. घरी, देवळात, लग्नकार्यात बाबाही पांढरी टोपीच घालायचे. फिरतीला मात्र हॅट. निवृत्त होताना त्यांच्या एका वरिष्ठांनी ती त्यांना दिली होती. त्यांनाही ती कुणा जुन्या अधिकाऱ्याकडून मिळालेली. म्हणजे आमच्या घरी आली तेव्हाच ती म्हातारी होती, आणि म्हाताऱ्या माणसासारखीच तिची उठबस सांभाळावी लागायची.

ते सांभाळणं बाबांनी मला शिकवलं. रविवारी सकाळी अंगणात पोतं टाकून ते हॅट माझ्या मांडीवर ठेवायचे. माथ्याला चिमटीत धरायचं नाही, दोन्ही हातांनी काठ धरायचा. ब्रश फिरवायचा तो लवेच्या ओघाने, उलटा कधीच नाही. कातडी पट्टा बाहेर उलटून वाळवायचा. कुठे पोचा पडला असेल, तर चहाच्या आधणावर क्षणभर वाफ द्यायची आणि आतून बोटांनी हलकेच उचलायचा. एकदा एक धनगर आजोबा शेळी दाखवायला आले होते, त्यांनी हॅटवर अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हे तर आमचं लोकरीचं बुरणूसच हाय की डाक्तर, इनल्यालं न्हाई, दाबून बसवल्यालं." मग जाताना त्यांनी बजावलं, की पावसाचं काही नाही, पण कढत पाणी लागू देऊ नका, लोकर आखडती. बाबांनी ते मला चार वेळा सांगितलं. ते माझ्या इतकं पक्कं लक्षात राहील, असं त्यांना वाटलं नसेल.

पांढऱ्या टोप्या हे आईचं खातं. शनिवारी परसात तीन दगडांच्या चुलीवर पातेलं चढायचं, सोडा टाकलेल्या पाण्यात टोप्या उकळायच्या, मग नीळ, मग खळ. दोरीवर वाळणाऱ्या त्या टोप्या दुपारच्या उन्हात अशा ताठ दिसायच्या, की कागदाच्या होड्याच वाटाव्यात. बाबांच्या टोपीची कडा बोटाला कापते, असं बायका आईला म्हणायच्या आणि आई ओठ दाबून दुसरीकडे बघायची. आईबाबा एकमेकांशी फार बोलत नसत. त्या काळी कुणीच बोलत नसे. त्यांचं जे काही होतं, ते त्या टोपीच्या कडेत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मी सातवीत होतो, तेव्हाचा पोळा. मारुतीच्या देवळापुढे बैल उभे होते. झुली, बाशिंगं, हिंगुळाने रंगवलेली शिंगं, घुंगरांचा आवाज आणि भिजलेल्या मातीचा, पुरणाचा मिसळलेला वास. तेवढ्यात वेशीकडून हशा उठला. वस्तीवरच्या कोंडिबातात्यांचा खिलारी बैल येत होता आणि त्याच्या दोन शिंगांच्या मध्ये पुठ्ठ्याची हॅट बांधलेली होती. गेरूने रंगवलेली, भोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची काळी फीत. कुणीतरी ओरडलं, "डाक्तर आलं, सरका बाजूला!" सगळी वेस हसली. सर्वांत जास्त हसले ते बाबा. हसताहसता डोळे पुसत ते पुढे गेले, बैलाच्या डोक्यावरची हॅट थोडी तिरकी केली – अगदी स्वतःची करायचे तशी – आणि बैलाला हात जोडले.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांनी विचारलं, "तुझा बाप काल मिरवला म्हनं. येसन कुठाय रं त्याची?" बोललो असतो, भांडलो असतो, तर कदाचित पुढचं टळलं असतं.

त्या शनिवारी बाबा मीटिंगसाठी तालुक्याला गेले होते. साहेबांपुढे हॅट घालून जाणं त्यांना बरं वाटत नसे, म्हणून पांढरी टोपी घालून गेले. सकाळची शाळा करून मी आलो, तेव्हा परसात पातेलं उकळत होतं आणि आई नळावर गेली होती. मी कोनाड्यातली हॅट काढली, आतली कडुनिंबाची पानं खाली झटकली आणि ती आधणात सोडली.

ती बुडेना. माझ्या मनात आजही जर काही जिवंत असेल, तर ते हेच. ती उकळत्या पाण्यावर तरंगत राहिली, टोप्यांच्या बुडबुड्यांवर हळूहळू फिरत राहिली. मी काठीने दाबली, ती दुसऱ्या बाजूने वर आली. मग मी हातानेच दाबली. बोटं पोळली तरी दाबून धरली.

आई आली, तेव्हा पाणी चहासारखं झालं होतं. तिने घागर खाली ठेवली, काठीने हॅट उचलली, पाटावर ठेवली. माझ्याकडे पाहिलं. कोरफडीचं पान चिरून आणलं आणि माझ्या बोटांना गर लावला.

संध्याकाळी बाबा आले. हॅट तोवर एवढीशी झाली होती, जाड, वेडीवाकडी. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. शब्द घशापर्यंत आले होते, हे मी शपथेवर सांगतो. पण आईच आधी बोलली. म्हणाली, "माज्याच हातनं झालं. टोप्यांच्या ढिगात गेली."

बाबा बराच वेळ हॅट हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं घरात आहे ती. एवढंही कळू नये?"

एवढंच. आवाजही चढला नाही. ते मग तांब्या पालथा घालून त्यावर हॅट ताणत बसले, वाफ देत बसले. ती तसूभरही ताणली गेली नाही. शेवटी त्यांनी मला हाक मारली, दोन्ही हातांनी काठ धरून ती माझ्या डोक्यावर ठेवली. ती मला बेताची बसली. "तुझीच झाली ही," ते म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. त्यांच्या खांद्यावरून मला आई दिसत होती. ती कणीक मळत होती आणि मान वर करत नव्हती.

पुढच्या शनिवारी बाबांनी आपल्या टोप्या स्वतः धुतल्या. न भांडता, न बोलता, जणू पहिल्यापासून हे असंच होतं. त्यांना खळ जमायची नाही. हॅटच्या रंगाने तांबूस पडलेल्या त्या टोप्या नीळ घालूनही पांढऱ्या झाल्या नाहीत, आणि त्या त्यांच्या डोक्यावर मऊ पडून बसायच्या. एका लग्नात पंगतीच्या वेळी एक बाई आईला म्हणाली, "डाक्तरीनबाई, घरातली खळ सरली का काय?" आजूबाजूच्या हसल्या. आईही हसली. मी तिच्या शेजारी पत्रावळ घेऊन उभा होतो.

महिन्याभराने कोंडिबातात्या घरी आले. बाबांच्या डोक्यावर हॅट नाही, हे बघून त्यांनी टोप कुठे गेला म्हणून विचारलं. बाबांनी जुनी झाली होती, एवढंच सांगितलं. तात्यांना फार हळहळ वाटली. मग त्यांनी सांगितलं, की उन्हाळ्यात त्यांचा खिलारी पोट फुगून पडला होता, घरच्यांनी आशा सोडली होती, आणि बाबा तीन दिवस त्याच्यापाशी बसून होते. "त्यो उठला, तवाच मी ठरवलं, पोळ्याला बाशिंग न्हाई, तुमचा टोप घालायचा त्याला. आट दिस पुठ्ठा कापत बसलो हुतो बगा."

मी आतल्या खोलीत भूगोलाचं पुस्तक उघडून बसलो होतो. मला सगळं ऐकू आलं. तेव्हा उठून बाहेर जाता आलं असतं. मी पान उलटलं.

त्यानंतर चाळीस वर्षं मी पानंच उलटत आलो आहे. शिक्षण, नोकरी, नगरला घर, लग्न, मुलं. दर वेळी घरी गेलो, की बाबा मोरीत बसून टोपी चोळताना दिसायचे, आणि आई तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात जायची. सांगायचं म्हटलं, तर इतक्या जुन्या गोष्टीचं काय एवढं, असं स्वतःलाच समजावून मी गप्प बसायचो. जुनी गोष्ट मुळीच नव्हती ती. दर आठवड्याला धुतली जात होती.

गेल्या हिवाळ्यात बाबांना नगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. एका दुपारी त्यांनी उशाची टोपी माझ्यापुढे केली आणि धुऊन आण म्हणाले. मी म्हणालो, आईकडे देतो. त्यांनी मान हलवली. "तिच्याकडे नको," ते म्हणाले आणि बारीक हसले, "तिला आधणाचा अंदाज नाही." इतक्या वर्षांनी त्यात राग उरला नव्हता, थट्टाच होती ती. पण ज्या थट्टेला मी कारण होतो, ती ऐकूनही मी टोपी घेतली आणि "बरं" म्हणालो. पुढे चार दिवसांनी ते गेले.

तेराव्याला सोयऱ्याधायऱ्यांनी दुखवट्याच्या टॉवेल-टोप्या आणल्या. मामांनी माझ्या मुंडन केलेल्या डोक्यावर कोरी टोपी ठेवली. माणसं जेवून पांगली, तेव्हा मिरजगावच्या घराच्या परसात आई एकटी बसली होती. मी तिच्यापाशी बसलो आणि सांगून टाकलं. सगळं – बैल, वर्गातली पोरं, काठी, बोटं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला का ठावं न्हाई? भाजल्याली बोटं तुजीच व्हती."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

आईने पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं, तू सांगशील. आज न्हाई तर उद्या." ती पुढे म्हणाली, "लई दिस वाट बगितली बाळा. मग सवय झाली."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने हात लांबवून माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. कोरी टोपी मऊ असते, एकदा खळ दिल्याशिवाय बसत नाही, असं काहीसं पुटपुटली.

"जा," ती म्हणाली, "पानी तापव."

दगड अजून तिथेच होते. मी काटक्या गोळा केल्या, पातेलं चढवलं, सोडा टाकला. पाण्याला आधण आलं. मग आईने टोपी पाण्यात सोडली. ती क्षणभर तरंगली… आणि बुडाली.

ती छोटी हॅट आता माझ्याकडे, नगरच्या घरी आहे. रविवारी मी तिच्यावरून ब्रश फिरवतो, लवेच्या ओघाने. आखडलेल्या लोकरीला ओघ राहत नाही, ब्रश अडखळतो. तरी फिरवतो. मग तिच्यात कडुनिंबाची पानं घालून तिला उताणी ठेवतो.