वरचं पाणी

मी विसरत नाही. हा गुण आहे की खोड, ते ज्याच्या ताटात पडेल त्यानं ठरवावं.

इंग्रजीत ‘अनईव्हनली’ असा एक शब्द आहे. आमच्या गाइडात त्याचा अर्थ ‘असमानपणे’ असा दिला होता आणि खाली नमुन्याचं वाक्य होतं, भिंतीला रंग अनईव्हनली लागला आहे. आता मी बेळगावात हायस्कूलला इंग्रजी शिकवते. मुलांना सांगते, कुठं जाड कुठं पातळ, कुणाला जास्त कुणाला कमी, तिथं हा शब्द वापरा. रस्त्याचं डांबर, शेतातली उगवण, शिवणीचे टाके. मुलं उतरवून घेतात. आमटीचं उदाहरण मात्र मी देत नाही. ते मी नववीत असताना एकदा दिलं होतं.

तेव्हा मी निपाणीत थोरल्या काकांकडं शिकायला होते. आमचं गाव चिकोडीच्या बाजूचं, तिथं वरचे वर्ग नव्हते. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. काकू पातेलं पुढ्यात घेऊन बसायची आणि सगळ्यांना वाढायची. आठवड्यातनं चार दिवस अख्ख्या मसुराची आमटी. मसूर तळाला बसतात. चुलतभावाची वाटी पुढं आली की काकूची पळी खोल जायची, तळ खरवडल्याचा आवाज यायचा. माझी वाटी आली की पळी वरच्या वर फिरायची. पळी दोघांनाही काठोकाठ, त्यामुळं तक्रार करायची सोय नव्हती. एकदा मी माझ्या वाटीतले मसूर मोजले. अकरा निघाले.

इंग्रजीच्या सरांनी शब्दार्थाची वही करायला लावली होती. शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. वाक्य स्वतःचं पाहिजे, गाइडातलं चालणार नाही. मी लिहिलं, माय आंट सर्व्हज आमटी अनईव्हनली. काकूला इंग्रजी येत नाही, म्हणजे इंग्रजीत तिच्याबद्दल खरं लिहिता येतं, याची मला धुंदी चढली होती. चुलतभाऊ माझ्याच वर्गात बसतो, हे त्या धुंदीत सुचलंच नाही. सरांनी वाक्य मोठ्यानं वाचलं, वर ‘करेक्ट’ म्हणाले. वर्ग हसला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य मराठी होऊन स्वयंपाकघरात पोचलं होतं.

आमच्याकडं बाईवर पंक्तिप्रपंचाचा आळ म्हणजे चोरीच्या आळाहून वाईट. एका पंगतीत बसवून दोघांना दोन तऱ्हेनं वाढणं, याच्यासारखं पाप नाही. काकू ओरडली नाही. तिनं पातेलं माझ्यापुढं सरकवलं.

“घे. तूच वाढ आता सगळ्यास्नी. बघू दे तुझा न्याय.”

मी पळीला हात लावला नाही. काकांनी गावाकडं निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी वडील आले. धाकटा भाऊ, त्यात पोरगी दुसऱ्याच्या दारात ठेवलेली, बोलणार काय? त्यांनी काकूपुढं हात जोडले. “वैनी, पोरगी अजाण हाय. पदरात घ्या.” मला ते वाक्य खोडायला लावलं. मी खोडलं. मग काकूनं वडिलांना जेवायला बसवलं आणि आमटी वाढली. मी त्यांच्या वाटीत डोकावले. वरचं पाणी, एक मसूर औषधाला नव्हता. वडिलांनी ते पिऊन टाकलं आणि म्हणाले, “आमटी चांगली झालीया.”

माझ्या वाटीचं मी सोडून दिलं असतं. वडिलांच्या वाटीचं सोडलं नाही. वडील आता नाहीत, पण त्यांच्या बाजूनं हिशेब धरून बसायला मी आहे.

यंदा चुलतभावानं बेळगावातच, खासबागेत घर बांधलं. वास्तुशांतीचं जेवण ठरवायचं त्यानं माझ्यावर सोपवलं, कारण मी गावातच असते. मी आचाऱ्याला अख्ख्या मसुराची आमटी सांगितली. तो म्हणाला, “जिलेबीसंगं मसूर व्हय आक्का?” म्हटलं, “व्हय, मसूरच.”

दुपारी गच्चीवर पंगत बसली आणि आमटीची बादली आणि वाढायचं वगराळं मी स्वतः उचललं. दर पानाला बादली ढवळून वाढत होते, अगदी न्यायानं. काकूच्या अलीकडच्या पानावर वाढून झालं आणि मी थांबले. बादली खाली टेकवली. काकूला गुडघे कसे आहेत, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं का, सुना बघतात का, सगळं विचारलं. तेवढ्यात मसूर तळाला बसले. मग वगराळं वरच्या वर फिरवून मी काकूची वाटी काठोकाठ भरली.

काकूनं वाटीत बघितलं. तिला सांगायची गरज नव्हती, विद्या तिचीच.

“अजून ध्यानात हाय व्हय गं?”

“हाय.”

तिनं दोन्ही हातांनी वाटी उचलली. थोडं लुगड्यावर सांडलं. सगळं पिऊन तिनं वाटी पुन्हा पुढं केली. खोटं कशाला बोलू, लुगड्यावरचा तो ओला डाग बघून माझं वगराळं तळाकडं निघालं होतं.

“आमटी चांगली झालीया,” काकू म्हणाली. “तुझा बा बी असंच म्हणालता, तवा.”

म्हणजे त्या दिवशी त्यांच्या वाटीत काय पडलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी वगराळं वर घेतलं आणि तिला परत पाणीच वाढलं.