मधवाल्याच्या चिमटीतली माशी

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हा जळगाव जामोदला आमच्या घरी एक मधवाला सातपुड्यातला मध विकायला यायचा. मधमाश्यांचे डंख हसत सोसायचा. "आंगाले सवय हाय, भाऊ."

मग एकदा एकाच डंखानं त्याचा श्वास कोंडला. डॉक्टरांनी बजावलं, "विष तेच आहे, तुझं अंगच आता त्यावर चवताळतं. पुढचा डंख जीव घेईल." त्यानं मोहोळं काढणं सोडलं.

एका दुपारी तो सहज भेटायला आला असताना माझ्या मानेवर मधमाशी बसली. मी, घरातला कर्ता पुरुष, "मेलो" म्हणून डोळे मिटले. त्यानं ती अलगद चिमटीत उचलली.

"अरे, डॉक्टरनं काय सांगतलं तुले?"

"हाताच्या ध्यानातच नाई राह्यलं, भाऊ." त्यानं हळूच बोटं उघडली. माशीनं त्याच्या अंगठ्यावर निवांत पाय पुसले. ती उडून गेल्यावर तो म्हणाला, "वळखलं तिनं मले."