सरांचा धूर आणि तात्यांचं ऊन

सरांची आणि माझी पहिली भेट नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर, भर दुपारी झाली. मी प्रात्यक्षिकाची तुकडी बदलून मागायला गेले होते. प्रा. यशवंत गायधनी सर एक लाकडी खोका सूर्याकडे रोखून उभे होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हा जरा धरा. हलू नका. ऊन मोजतोय." मी धरला. तुकडी बदलायची राहिली ती राहिलीच. गच्ची तापली होती, माझ्या चपला पातळ होत्या आणि मी आळीपाळीनं पाय उचलत होते, ते सरांनी पाहिलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी त्या जागी ओलं पोतं अंथरलेलं होतं. आधी त्यांची विद्यार्थिनी आणि पुढे त्यांच्याच विभागातली सहकारी म्हणून मी वर्षानुवर्षं त्या पोत्यावर उभी राहिले.

हवेत तरंगणारे बारीक कण पृथ्वीवर येणारं ऊन किती अडवतात, हा सरांचा ध्यास. नव्वदीच्या सुरुवातीला दूर पूर्वेकडे एक मोठा ज्वालामुखी फुटला. त्याचे कण आकाशात फार उंच पसरले आणि आमच्या खोक्यावरचा काटा रोजच्यापेक्षा खाली थांबू लागला. ऊन अडलं की जग थोडं थंड होतं. मग हेच माणसानं मुद्दाम केलं तर? वाढत्या उष्म्यावर हा उतारा ठरेल, असं सर वर्गात सांगत, स्टाफरूममध्ये सांगत, पंचवटीत भाजी घ्यायला गेले की भाजीवाल्यालाही सांगत. त्या नादात कोथिंबीर राहून जायची आणि घरी बोलणी खावी लागायची.

याच धुंदीत सरांच्या हातून एक चूक झाली. ती या गौरवलेखात लिहू का, असं मी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तीच लिहा."

निफाडकडे आमची द्राक्षबाग आहे. एका हिवाळ्यात थंडीचा कहर झाला होता. मणी तडकू नयेत म्हणून आमच्याकडे पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करतात. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, सल्ल्यासाठी सरांना बोलावलं. सरांनी उसाचं पाचट ओलं करून दाट धूर करायला लावला आणि थंडी ओसरेपर्यंत रोज पहाटे तसाच करायचा, असं सांगितलं. आमची बाग वाचली. पण थंड हवा उताराकडे सरकते. तिच्याबरोबर तो धूर खालच्या अंगाला रंगनाथ तात्यांच्या बागेत जाऊन बसला आणि उन्हं चांगली वर येईपर्यंत हलेना. त्यांच्या घडांवरचं दव वाळलं नाही आणि थोड्याच दिवसांत मणी कुजायला लागले. साऱ्या जगावर सावली धरायला निघालेल्या आमच्या सरांनी शेजारच्या बागेचं ऊन अडवून ठेवलं होतं.

तात्या ओरडले नाहीत. बांधावर उभं राहून म्हणाले, "सर, धूर लय झकास केला तुमी. पन माझ्या बागंचं ऊन खाल्लं त्यानं. आधी इचारायचं तरी व्हतं."

सांगायला सरांकडे कारणं पुष्कळ होती. त्यांनी एकही सांगितलं नाही. "हो, विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले. पुढचे कितीतरी रविवार ते इस्त्रीची पँट दुमडून तात्यांच्या बागेत कुजके मणी कात्रीनं काढत होते. हात सराईत नव्हता, त्यामुळे चांगले मणीही पडायचे. तात्या कात्री काढून घ्यायचे आणि सरांचा चेहरा बघून परत द्यायचे. सर मला खरे मोठे वाटले ते त्या बागेत.

सर निवृत्त झाले. दोन हजार सालानंतर जगातले नावाजलेले शास्त्रज्ञही तोच विचार बोलून दाखवू लागले आणि एका संशोधन संस्थेनं सरांना बोलावलं. उंच आकाशात कण फवारण्याच्या चाचणीची शिफारस करायची होती आणि शिफारस करणाऱ्यांत सरांचं नाव हवं होतं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन उभं राहिलं. मी तर अर्ध्या नाशकात सांगूनही टाकलं.

बैठकीला त्यांच्याबरोबर मीही गेले होते. सरांनी विचारलं, "यानं एखाद्या मुलखाचा पाऊस हटला तर? त्या लोकांना आधी कोण विचारणार?"

"ते नंतर बघू," असं उत्तर आलं.

"मग मीही नंतरच येतो," म्हणत सर उठले. आपली सगळी मोजमापं त्यांनी अभ्यासासाठी देऊन टाकली; नाव मात्र दिलं नाही.

परतीच्या एसटीत मी चिडले होते. "सर, हे तुमचंच स्वप्न होतं ना?"

"अजूनही आहे. पण रंगनाथरावांना विचारल्याशिवाय नाही."

मी हसले. सर हसले नाहीत. खिडकीकडे तोंड करून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. त्यांना किती जड गेलं होतं ते मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

आणि सर खरोखरच विचारायला गेले. छाटणीचे दिवस होते. तात्यांच्या ओट्यावर बसून त्यांनी सोप्या शब्दांत सगळं समजावलं: ऊन थोडं कमी होईल, उष्मा घटेल, पण पावसाचं काय होईल ते छातीठोकपणे सांगता येत नाही. तात्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं. म्हणाले, "इचार करून सांगतो. पुढल्या छाटणीला या."

पुढल्या छाटणीला सर गेले. "आजून इचार चाललाय," तात्या म्हणाले. तेव्हापासून दर वर्षी हेच चाललं आहे. सरांचे गुडघे दुखतात, तात्याही थकले आहेत, पण छाटणी आली की दादा गाडी पाठवतो आणि सर जातात. दोघं दिवसभर गप्पा मारतात. निर्णय काही होत नाही.

गेल्या वर्षी मला राहवेना. तात्यांच्या मंडळींना, आमच्या काकूंना, मी स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, "काकू, तात्यांना यात एवढं अवघड काय वाटतं?"

काकू चहा गाळत होत्या. "अवघड काय नाय गं. हो म्हनलं काय, नाय म्हनलं काय, सर यायचे बंद व्हतील ना."

हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही; ते आता इथेच वाचतील. सर, पंचाहत्तरी पार करताना तुम्हाला उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांनी साथ द्यावी, हीच आम्हा सगळ्यांची मनापासून इच्छा. आणि तात्या, दादा तुम्हाला हा लेख वाचून दाखवील, तेव्हा माझं एक ऐका. मुळीच घाई करू नका. अजून पुष्कळ वर्षं विचार करा.