आंबोलीची जपानी आंटी

जपानी आंटीला जपानी येत नव्हतं. एक अक्षरही येत नव्हतं. पण मांडीवर जाडजूड जपानी पुस्तक उघडून बसली, की कुठेही न अडखळता ती अख्खी गोष्ट वाचून दाखवायची, आणि तीही आपल्या मराठीत. हात मिरच्यांची देठं खुडत असायचे. पान उलटायची वेळ आली की मनगटाने उलटायची, कारण बोटं तिखट झालेली असायची. आम्ही बायका आ वासून ऐकायचो. मध्येच कोणी विचारलं, "आंटी, हे खरंच तिथे लिहिलंय?" तर म्हणायची, "लिहिलंय ते त्यांच्यासाठी. चित्रं काढलीत ती आपल्यासाठी."

मी लग्न होऊन अंधेरीला आले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. आंबोलीच्या गावठाणात आंटीच्या माडीवर आम्हाला एक खोली भाड्याने मिळाली. खाली आंटी आणि तिची मुलगी फिलू. फिलू नर्सिंग शिकून तिथल्याच एका इस्पितळात लागली होती. आंटी मूळची इथली, जुन्या ख्रिस्ती घरातली. चौकड्याचं लुगडं नेसायची, मागच्या अंगणात क्रूस होता, क्रूसापाशी मोगरा, आणि मोगऱ्याला हात लावलेला तिला चालायचा नाही. माझं नाव तिने कधी घेतलं नाही. मी आपली "वरची बाय". नवराही तिच्या तोंडी नावाने कधी आला नाही. तो बोटीच्या इंजिनखोलीत कामाला होता, वर्षा-दीड वर्षाने घरी यायचा, म्हणून "आमचा बोटवाला".

या बोटवाल्याने एकदा जपानहून चहाचा सेट आणला. कप कपाटात गेले ते गेलेच, त्यांतून चहा प्यायलेला मी तरी कोणाला पाहिला नाही. पण कप ज्या कागदांत गुंडाळले होते ते आंटीने कोळशाच्या इस्त्रीने सरळ केले. गुलाबी आणि निळ्या शाईत छापलेली चित्रंच चित्रं, चौकटी पाडून काढलेली, आणि त्यांत बशीएवढ्या डोळ्यांच्या पोरी. आंटी म्हणाली, "डोळ्यांत बघ गो हिच्या. चर्चमधल्या आख्ख्या मिसाच्या मेणबत्त्या लावल्यात." बायकोला सेटपेक्षा रद्दी आवडली हे पाहून तो बिचारा पुढच्या खेपेला आख्खं पुस्तकच घेऊन आला. त्या दिवसापासून गावठाणात ती जपानी आंटी झाली.

माझी नात हल्ली अशा चित्रांच्या पुस्तकांना मांगा म्हणते. बोरीवलीच्या घरात तिचं एक अख्खं फडताळ त्यांनी भरलंय. मागे एकदा मला शिकवायला बसली. "आजी, तू नवीन आहेस ना, आपण सोप्यापासून सुरू करू." मी म्हटलं, कर बाई. नवीन म्हणे. तुझी आई जन्मायच्या आधी मी आंबोलीच्या ओट्यावर बसून हे सगळं पाठ केलंय, आणि तेही उलटं.

उलटं म्हणजे खरोखरच उलटं. आपण पुस्तक जसं उघडतो तसंच आंटीने ते उघडलं, डावीकडून. पुठ्ठ्यावरचं मोठं रंगीत चित्र त्यामुळे मागे गेलं, पण त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. "त्यांच्यात तोंड मागे छापत असतील. आपल्याला काय करायचंय?"

तर आंटीच्या पुस्तकातली गोष्ट अशी. एक मुलगी पायाच्या अंगठ्यांवर उभी राहून नाचते. थेटर खच्चून भरलंय, लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत, आणि पहिल्या रांगेत एक म्हातारी बाई बसलीय, पंख्यांच्या नक्षीचं वस्त्र नेसून. ती थेटरची मालकीण. इथून त्या पोरीची जी घसरगुंडी सुरू होते ती थांबतच नाही. रोज शिकायला जाते आणि रोज थोडं थोडं विसरते. आधी रडते, मग मास्तरीण ओरडते, मग पडते. हळूहळू साधं उभं राहणंही जमेना. शेवटी पेटी उचलते, आगगाडीत बसते आणि घरी येते. दारात आई उभी असते. आई तिला जवळ घेते, जेवायला वाढते, आणि अगदी शेवटच्या पानावर माय-लेकी अंगणात हसत बसलेल्या.

पोरगी शिकता शिकता विसरली कशी, यावर ओट्यावर पुष्कळ चर्चा झाली. समोरच्या सावंतकाकूंचं मत ठाम होतं. "नजर लागली असतली तिका. एवढ्या माणसांसमोर नाचली ती." मला वाटायचं, प्रेमबिम काहीतरी असणार. फिलू एकटीच ड्यूटीवरून आल्या आल्या चपला काढताना म्हणायची, "आई, ही गोष्ट काहीतरी चुकतेय हां. माणूस आधी रडून मग पडत नाही." त्यावर आंटी म्हणायची, "तू पडलेली नाहीस अजून. पडशील तेव्हा बोल."

हा टोमणा उगाच नव्हता. फिलूची एक मैत्रीण कुवेतला इस्पितळात लागली होती आणि तिने फिलूला बोलावलं होतं. फिलूचा जीव तिकडे लागला होता. बाप म्हणायचा, आईला विचार. आणि आई म्हणायची, "घरातलं एक माणूस पाण्यावर आहे, तेवढं बस झालं." विषय निघाला की आंटी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून तिच्यापुढे धरायची. "बघ. एवढी मोठी नाचणारी, शेवटी आईच्या हातचं जेवायला आलीच ना? मग जायचंच कशाला?" फिलू हट्टाने कधी भांडली नाही. पण ती दिवसेंदिवस गप्प होत चालली होती, आणि ते आंटीलाही दिसत होतं.

आंटीचा आणखी एक स्वभाव मी तिथे आल्या आल्याच पाहिला होता. माणूस येताना ती रस्त्यापर्यंत धावायची, पण जाताना बघायची नाही. बोटवाला निघाला की ती दाराकडे पाठ करून मासे साफ करायला बसायची. तो ट्रंक उचलून म्हणायचा, "येतो गो." ही मान न वळवता म्हणायची, "ये." तो वळणापलीकडे जाईपर्यंत बोंबलांची डोकी खटाखट उडत असायची. एकदा मी म्हटलं, "आंटी, जरा दारात तरी उभी राहा ना." तर म्हणाली, "बाय, येताना बघायचं असतं. जाताना बघितलं की तेच डोळ्यांत राहतं." किती वर्षं तिने असं काढलं असेल याचा विचार करून मला त्या दिवशी भरून आलं होतं.

पुढच्या सुट्टीत बोटवाला आला तो हसतच. ओट्यावर आमची बैठक चालू होती. त्याने आंटीच्या मांडीवरचं पुस्तक उचललं, पालथं केलं आणि पुन्हा तिच्या हातात दिलं. म्हणाला, "आपली वाट लागलीय गो. आपण एवढी वर्षं हे उलटं वाचतोय." कोबेच्या बंदरात बोट दुरुस्तीला लागली होती. तिथे जेवणाच्या सुट्टीत तो असंच एक पुस्तक चाळत बसला होता, तर तिथल्या एका फिटरने ते हातातून घेऊन फिरवून दिलं होतं. हे लोक उजवीकडून वाचतात, चौकटीसुद्धा उजवीकडून.

सावंतकाकू हसून हसून बेजार झाल्या. फिलूने चपलाही काढल्या नाहीत, तशीच येऊन आईच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावली. आंटी मात्र हसली नाही. तिने मिरच्यांचं सूप बाजूला सरकवलं, लुगड्याला हात पुसले आणि पहिल्यांदाच मुकाट्याने, काही न सांगता, वाचायला सुरुवात केली.

आता माय-लेकी आधी अंगणात हसत होत्या. मग आईने पोरीला पोटभर वाढलं. मग दारात जवळ घेतलं. पण ते आल्याचं नव्हतं, निरोपाचं होतं. पोरगी पेटी घेऊन गाडीत बसली आणि आई दारातच उभी राहिली, पूर्ण पानभर. या पानावर आंटी खूप वेळ थांबली. मला वाटलं, मिटते आता पुस्तक. पण तिने पान उलटलं. पोरगी पडली, मग मास्तरीण ओरडली, मग ती रडली, आणि पुन्हा उभी राहिली. फिलू पुटपुटली, "बघ, असं पडतात." पान मागून पान ती पोरगी शिकत गेली. शेवटी थेटर भरलं, लोक उभे राहिले.

आणि तिथे आंटीचा हात थबकला. ती भराभर पानं उलटत पुन्हा दारातल्या आईपाशी गेली आणि परत थेटरात आली. वस्त्रावर तीच पंख्यांची नक्षी, केसांत तोच कंगवा.

"ही मालकीण नाही गो," आंटी म्हणाली. "ही आई आहे."

त्या बाईवर बोट ठेवून तीच म्हणाली, "म्हणजे आईसुद्धा जाते मागून." मग तिने फिलूकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांनी फिलूने तिची नजर चुकवली नाही. "जा," आंटी म्हणाली. "पण मला बोलव. आणि बसायला पुढची जागा ठेव."

फिलू निघाली त्या दिवशी घरात मासेच आणले नव्हते. आंटी दारात उभी राहिली, टॅक्सी वळणापलीकडे जाईपर्यंत. मग माझा हात धरून आत आली आणि मनसोक्त रडली. रडून झाल्यावर तोंड धुतलं, पुस्तक काढलं, डावीकडून उघडलं आणि म्हणाली, "चल, आता घरी आणू तिला."

तेव्हापासून तिच्या वाचनाचा नियमच झाला. गावठाणात नवीन सून आली, नवीन भाडेकरू आली, की तिला ओट्यावर बसवायची आणि पुस्तक दोन्ही बाजूंनी वाचून दाखवायची. बरोबर बाजू आधी का नाही, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "आधी पोरगी घरी येते हे बघून घे. मग पाठवायला जड जात नाही." पुढे माझी मुलगी नोकरीला दूर गेली तेव्हा मीही स्वतःला हेच सांगितलं.

दोन-तीन वर्षांनी फिलूने खरोखरच तिला बोलावलं. तोवर बोटवाला बोट सोडून कायमचा घरी आला होता. आंटी तर वांद्र्याच्या जत्रेपलीकडे कधी गेली नव्हती, पण तिने ठेवणीतलं चौकड्याचं लुगडं काढलं, पिशवीत बाटलीभर मसाला आणि सुके बोंबील भरले आणि तयार झाली. सगळं गावठाण निरोपाला जमलं. बोटवाला तेवढा दिसेना. मी आत जाऊन बघते तर हा दाराकडे पाठ करून बसलाय आणि एका पापलेटाची वाट लावतोय. आयुष्यात कधी मासा साफ केला असेल तर शपथ. आंटी उंबऱ्यातून म्हणाली, "येते रे." तो मान न वळवता म्हणाला, "ये."

मला मात्र रडू आवरेना. माझी आईसुद्धा मला इतकी जवळची नव्हती, खोटं कशाला सांगू. आंटी टॅक्सीत बसली, काच खाली केली आणि मलाच दटावलं. "रडतेस काय, बाय? पुस्तक ओट्यावर ठेवलंय. आपल्या बाजूने उघड."

टॅक्सी वळणापलीकडे गेली. आतून खवले खरवडल्याचा आवाज येत होता. मी ओट्यावर बसले आणि पुस्तक डावीकडून उघडलं. पहिल्याच पानावर थेटर भरलं होतं, आणि ती पुढच्या रांगेत जाऊन बसलीसुद्धा होती.